कालव्याच्या भरावावरून उजनीच्या काठाला: नीरा ते भिगवण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण पुण्यात राहता, नवी ग्रॅव्हल (कच्च्या वाटांवर चालणारी) सायकल घेतली आहे, महामार्गाच्या कडेने ट्रकांचे झोत अंगावर घेत सायकल चालवण्याचा कंटाळा आला आहे, आणि नदी किंवा तलावाच्या सोबतीने जाणारा, मोटारींपासून मोकळा असा दोन दिवसांचा मार्ग हवा आहे. सायकल कशी सज्ज करावी, कोणत्या महिन्यात जावे, त्या वाटांवर जाऊ देतात का आणि तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेता येईल का, हेही आपण विचारले आहे. गेली बारा-चौदा वर्षे मी याच भागात सायकल चालवतो आहे, त्यामुळे एकच मार्ग सांगतो, पण तपशिलात सांगतो: नीरा गावापासून नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून बारामती, आणि दुसऱ्या दिवशी बारामतीहून भिगवण परिसरातील उजनी जलाशयाचा काठ.

आधी एक अपेक्षा बाजूला ठेवावी. फ्रान्समधील कालव्यांच्या काठची सायकलवाट पाहून आपल्याकडेही तसे काही असेल असे अनेकांना वाटते. ते कालवे नौकांसाठी खोदलेले होते आणि काठची वाट नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. पुढे घोडे गेले आणि वाट सायकलींना मिळाली. आपले कालवे शेताला पाणी देण्यासाठी आहेत, त्यात आजही आवर्तन (ठरावीक पाळीचे पाणी) सुटते, आणि भरावावरची वाट पाटबंधारे खात्याला कालवा पाहता यावा, गाळ काढता यावा, फुटला तर मुरूम टाकता यावा यासाठी राखलेली आहे. म्हणजे ती सार्वजनिक रस्ता नव्हे. शेतकरी तिच्यावरून दुचाकी, बैलगाडी, ट्रॅक्टर नेतात आणि सायकलस्वाराला सहसा कोणी अडवत नाही. तथापि कालव्यावरच्या कर्मचाऱ्याने किंवा पाटकऱ्याने (शेतांना पाणी सोडणाऱ्या माणसाने) थांबा म्हटले, साखळी लावलेली दिसली किंवा दुरुस्तीचे यंत्र उभे असले, तर वाद न घालता खाली उतरून शेजारच्या पाणंदीने पुढे जावे. आपण तेथे पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवले की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

मग कालवाच का? कारण चढ-उतार ठरवण्याचे काम तेथे पाण्याने आधीच करून ठेवले आहे. असा कालवा डोंगरउताराच्या समपातळीने वळणे घेत जातो आणि किलोमीटरमागे जेमतेम वीतभर खाली उतरतो. सायकलवर बसलेल्याला तो उतार जाणवतही नाही. जाणवते ती फक्त एक सलग, न तुटणारी लय. रस्ता गावे जोडत जातो म्हणून त्यावर रहदारी येते; कालवा गावे टाळत, शिवारे जोडत जातो म्हणून त्यावर ती येत नाही. नकाशावर मार्ग शोधताना मी रस्त्यांची रेघ पाहतच नाही, आधी पाण्याची रेघ पाहतो आणि मग उपग्रहचित्रात तिच्या शेजारी फिकट तांबूस पट्टा दिसतो का ते तपासतो. तो पट्टा दिसला म्हणजे मुरमाची वाट आहे. तो हिरवा झाला असेल तर वाट गवताने आणि वेड्या बाभळीने गिळली आहे असे समजावे.

नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात झाला. त्याला पाणी पुरवण्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले. पुढे १९२८ मध्ये तेथेच मोठे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जोरावर फलटण-माळशिरसकडे जाणारा उजवा कालवा निघाला. आज दोन्ही कालवे वीर धरणापासून सुरू होतात. उजव्या कालव्याचा पट्टाही सुंदर आहे. नीरेच्या पलीकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र त्याच बाजूला येते (को ८६०३२ या उसाला 'नीरा' हे नाव आहे, हे त्या भागातून जाताना आठवल्याशिवाय राहत नाही). तरी पहिल्या खेपेस मी डावाच सुचवतो, कारण वाटेत चहा, पंक्चर आणि मदत यांची सोय त्या बाजूला अधिक जवळ आहे.

नीरा हे पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक आहे. सायकल पार्सलमध्ये नोंदवून किंवा चाके काढून पिशवीत घालून तेथे उतरता येते. गावातून कालव्यावर आलात की बहुधा उताराकडच्या, म्हणजे नदीच्या बाजूच्या भरावावरून जावे. रुंद आणि वापरातली वाट बहुतेक ठिकाणी तीच असते. पाण्याच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे निघालात की कालवा डाव्या हाताला राहतो, आणि त्या कालव्याच्या दोन काठांवर दोन निराळे प्रदेश दिसू लागतात. डावीकडे, कालव्याच्या वर, मुरमाड माळ, बोरी-बाभळी आणि मेंढरे. उजवीकडे, कालव्याच्या खाली, नजर पोहोचेल तोवर ऊस. मधे फक्त दहा-पंधरा पावलांचे पाणी आहे. अलीकडे उपसा करून वरच्या माळालाही पाणी नेले जाते, त्यामुळे ही रेघ पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. पण निंबुतच्या पुढे काही ठिकाणी ती अजून चाकूने कापल्यासारखी दिसते.

रस्त्याने नीरा ते बारामती साधारण ४० किलोमीटर आहे. कालवा प्रत्येक ओढ्याच्या खोबणीत आत शिरून बाहेर येतो, त्यामुळे आपल्याला पन्नाशीच्या पुढचे अंतर धरावे लागेल. वेग ताशी १४-१५ किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. सपाट वाट म्हणून लोक तीस किलोमीटरचा वेग मनात धरून येतात आणि दुपारी दोन वाजता अर्ध्या वाटेवर उन्हात सापडतात. मुरमात चाक सतत किंचित घसरते, जनावरांच्या खुरांनी पडलेले खड्डे असतात, चारीच्या (कालव्यातून शेताकडे निघणाऱ्या पाटाच्या) तोंडाशी वाट अरुंद होते आणि दर दोन-तीन किलोमीटरला कोणीतरी थांबवून विचारपूस करतो.

ही विचारपूस टाळू नये, कारण कालव्यावरचे खरे मार्गदर्शन तीतूनच मिळते. एकदा पहाटे धुक्यात एका चारीच्या दारापाशी एक वयस्कर पाटकरी दाराचा दांडा फिरवत होते. "पाव्हणं, कुठनं आलासा?" असे विचारून झाल्यावर त्यांनी माझ्या चाकाकडे पाहिले आणि म्हणाले, "फुडल्या मोरीवर जाऊ नगा. खाली आग्या बसलंय." पुढच्या जलसेतूच्या (कालवा ओढ्यावरून नेणाऱ्या पुलाच्या) कमानीखाली खरोखरच आग्या मोहोळाची पाच-सहा पोळी लोंबत होती. मी ओढ्यात उतरून अर्धा किलोमीटर लांबून वळसा घेतला. कोणत्याही नकाशात ही माहिती नसते. तसेच, या भागात पत्ता गावाच्या नावाने कमी आणि चारीच्या किंवा फाट्याच्या क्रमांकाने जास्त सांगतात. तो क्रमांक लक्षात ठेवला की मदतीला बोलावताना नेमकी जागा सांगता येते.

जलसेतूंविषयी थोडे थांबून सांगतो, कारण अपघात होण्याची जागा तीच आहे. ओढा आडवा आला की कालवा त्यावरून पुलासारखा जातो, पण गाडीवाट बहुधा खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढते. जलसेतूच्या बाजूने हात-दीड हात रुंदीची दगडी कड असते आणि धीट मंडळी तिच्यावरून सायकल चालवत नेतात. हे करू नये. एका बाजूला वाहते पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल ओढा, अशा ठिकाणी हँडल कडेला घासले तरी पुरे होते. आवर्तन चालू असताना कालव्यात पडलेल्या माणसाला बाहेर येणे फार अवघड जाते. अस्तरीकरण झालेल्या भागात उतरत्या भिंतीवर शेवाळ असते, हाताला धरायला काहीच नसते, आणि पाणी वरून शांत दिसत असले तरी ओढ जबर असते. पोहता येते म्हणून निर्धास्त राहू नये. फोटोसाठी काठावर बसणे, हात-पाय धुण्यासाठी उतरणे, हे फक्त बांधलेल्या घाटाच्या पायऱ्यांवर करावे.

सोमेश्वरनगर आणि माळेगाव या साखर कारखान्यांच्या परिसरात, गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, 'मोटारींपासून मोकळा' हे वर्णन जरा सैल होते. उसाच्या फडातून ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या भरावावरून मुख्य रस्त्याला लागतात. त्यांचा वेग कमी असतो, पण मागची ट्रॉली वळणावर आत कापते आणि चालकाला मागचे काहीही दिसत नाही, शिवाय गाण्याच्या आवाजात घंटी ऐकूही जात नाही. अशा वेळी उसाच्या बाजूला, म्हणजे कालव्यापासून दूर, सायकल घेऊन उभे राहावे. उसाच्या कडेने अंधारात, उजाडण्याआधी किंवा मावळल्यानंतर, एकट्याने जाऊ नये. बिबट्याचा वावर आता या तालुक्यांतही आहे. दिवसा मात्र त्रास बिबट्यापेक्षा वस्तीवरच्या कुत्र्यांचा होतो. पळ काढण्याऐवजी उतरावे, सायकल मधे धरावी आणि चालत पुढे जावे. कुत्र्याला चालणाऱ्या माणसात रस राहत नाही. मेंढपाळांच्या वाड्याजवळची कुत्री याला अपवाद आहेत. तेथे लांबूनच हाक मारून धन्याला बोलावून घ्यावे.

सायकलीबद्दल. महाग ग्रॅव्हल सायकल असलीच पाहिजे असे नाही. ४० मिलिमीटर रुंदीचा टायर बसतो अशी कोणतीही सायकल चालेल. आपली सायकल ट्यूबलेस (आत ट्यूबऐवजी छिद्र बुजवणारा द्रव असलेली) करता येत असेल तर नक्की करावी, आणि त्याचे कारण दगड नव्हे, सराटा आहे. काठावर, बांधावर, जमिनीला चिकटून पसरणाऱ्या या पिवळ्या फुलांच्या वेलीची फळे वाळली की त्यांचे काटे कसेही पडले तरी एक टोक वर राहते. एकदा गवताच्या कडेला चाक टेकवून पाणी प्यायलो आणि नंतर मोजले, तर पुढच्या टायरला ११ सराटे आणि मागच्याला ७ होते. आतला द्रव ताजा असल्यामुळे ते उपटल्यावर प्रत्येक छिद्र पांढरा थेंब दाखवून बंद झाले. साध्या ट्यूबने आलेल्या मित्राचा अर्धा दिवस त्याच जागी गेला. हा द्रव आपल्या उन्हात लवकर वाळतो, म्हणून दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का ते पाहावे. हवा ७५ किलोच्या माणसाला पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयच्या आसपास पुरते. त्याहून कडक टायर मुरमात उड्या मारतो.

यातच एक छोटी गोष्ट, जी जवळजवळ सगळे विसरतात. आपल्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा जातीचा असेल, आणि गावातल्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचे असते. पितळेचा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर खिशात असला तर प्रत्येक फाट्यावर आपल्याला हवा भरता येते. नसला तर भरलेला कॉम्प्रेसर समोर असून हातपंप मारत बसावे लागते. मागच्या गिअरचा हँगर (गिअर सायकलीला जोडणारा धातूचा तुकडा) हाही सुटा जवळ ठेवावा. तो प्रत्येक सायकलीचा निराळा असतो आणि बारामतीच काय, पुण्यातही ऐनवेळी मिळेलच असे नाही.

पावसाळ्यात हा मार्ग घेऊ नये. मुरमाचा तुकडा दोन तासांत निथळतो, पण मधेमधे भरावावर काळी माती आहे आणि ती ओली झाली की चाकाला थर चढत जातो, त्यात उसाचे पाचट गुंफले जाते आणि फोर्कच्या आत दोरखंडासारखा घट्ट वेढा बसतो. मग चाक फिरत नाही. सायकल खांद्यावर घ्यावी, तर ती दुप्पट जड झालेली असते. मोठ्या पावसानंतर दोन कडक उन्हाचे दिवस गेल्याशिवाय निघूच नये. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो एवढाच काय तो दिलासा. ऊन सोसवत नाही.

दुसऱ्या दिवसाचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. बारामतीहून भिगवण थेट रस्त्याने २७-२८ किलोमीटर आहे, पण तो रस्ता आपल्यासाठी नाही. शेटफळगढे, मदनवाडी या बाजूने शिवारवाटा आणि खडकवासल्याहून इंदापूरकडे येणाऱ्या कालव्याचे तुकडे जोडत जावे. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक पक्ष्यांची वीण होते. तेथे काठापासून लांब, आवाज न करता उभे राहावे. या भागातील गवताळ माळ पाहून सायकल आत घालण्याचा मोह होतो, पण त्यांपैकी बरेच वनखात्याचे आहेत आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचेही. मळलेली गाडीवाट सोडू नये.

उजनीच्या काठाची गोष्ट अशी, की तो काठ एका जागी नसतो. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातील जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेले तळाचे पाणी, आहे. वर्तमानपत्रात 'उजनी शून्य टक्के' असे येते तेव्हा जलाशयात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते, आणि 'उजनी वजा चाळीस' म्हणजे त्या मृतसाठ्यालाही हात लागलेला असतो. सायकलस्वाराने निघण्यापूर्वी हा आकडा पाहावा, कारण वाट त्यावरच ठरते. जलाशय शंभर टक्क्यांवर असताना कुंभारगाव, डाळज, पळसदेव भागातल्या अनेक जुन्या वाटा सरळ पाण्यात जातात. नकाशात रस्ता दिसतो आणि समोर होडी बांधलेली असते. तो रस्ता खरोखरच होता, त्याच्या टोकाचे गाव धरणात गेले. पाणी निम्म्यावर आले की कडेचा मुरमाड पट्टा उघडा पडतो आणि सायकलीसाठी तोच सर्वांत चांगला काळ असतो. पाणी उणे झाले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, ते पाहायला गर्दी होते, आणि नेमकी तेव्हाच खरी फसगत होते.

ती माझी झालेली आहे. एका मे महिन्यात मंदिराच्या बाजूने पाण्याकडे जाताना पुढे गाळाचे सपाट मैदान दिसले, वाळून पाटीएवढ्या खपल्या पडलेले, अगदी फरशीसारखे. पन्नास-साठ मीटर सायकल छान चालली. मग भेगांच्या कडा करड्या दिसायच्या त्या काळपट दिसू लागल्या, आणि मला अर्थ लागेपर्यंत पुढचे चाक खपली फोडून धुऱ्यापर्यंत आत गेले. पाय टेकवला तो गुडघ्यापर्यंत गेला. शेजारी गाळपेरीत कलिंगड लावलेल्या एका शेतकऱ्याने फळी टाकून मला बाहेर काढले. तेव्हापासून नियम असा: भेगेची कड ओली दिसली की उतरायचे, टाचेने जोर देऊन पाहायचे, टाच रुतली तर आलो त्याच चाकोरीने मागे फिरायचे. पूर्ण संचय पातळीच्या वरची, बाभळींच्या रांगेलगतची मुरमाची वाट लांबची वाटली तरी तीच धरावी. जलाशयाचे पाणी पिऊ नये, बाटलीत भरून गाळूनही नाही. पुण्याचे सांडपाणी याच जलाशयात येते आणि जलपर्णी त्याची साक्ष देते. गावातून भरून घेतलेले तीन लिटर पाणी पुरते.

हिवाळ्यापासून पुढे रोहित पक्षी येथे येतात. त्यांच्या दिशेने सायकल नेली की संपूर्ण थवा उठतो आणि पहाटेपासून थांबलेल्या नावाड्यांचा धंदा बुडतो, म्हणून सायकल गावातच लावून नावेने जावे. डिकसळच्या जुन्या पुलावरून पलीकडे करमाळ्याच्या बाजूला जाण्याचा बेत असेल, तर पूल सुरू असल्याची खात्री भिगवणमध्येच करून घ्यावी. परतीसाठी भिगवण हे पुणे-सोलापूर मार्गावरील स्थानक आहे. गाडीला वेळ असल्यास तळलेली चिलापी खाऊन निघावे. या तलावात आता तिचेच राज्य आहे.

आता मुलाबद्दल. तेरा वर्षांचा मुलगा अंतर सहज काढेल. प्रश्न पाण्याचा आहे. त्याला पहिल्यांदा नेताना दोन आवर्तनांच्या मधला काळ निवडावा, कालव्यात डबकी उरलेली असतात तेव्हा, आणि नीरा ते निंबुतच्या थोडे पुढपर्यंत जाऊन परत यावे. आवर्तनाची तारीख गावातल्या पाटकऱ्याला किंवा कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारली तरी कळते. मुलाला भरावाच्या शेताकडच्या बाजूने ठेवावे आणि आपण पाण्याच्या बाजूने, अर्धी सायकल मागे राहून चालवावे. जलसेतू आला की दोघांनीही उतरून ओढ्यातून जावे. बारामती-भिगवणचा दिवस मात्र त्याला आधी करू द्यायला हरकत नाही, फक्त तेव्हा उजनीचा आकडा उणे नसावा.